‘साउंड-अलाइक’ला मराठीत काय म्हणायचं? नक्कल, चाल, बाज की तोतया

प्रश्न, लातूरहून:
आमच्या छोट्या स्टुडिओत लोकल केबलवरच्या जाहिराती होतात. सराफ, बियाण्यांची दुकानं, कोचिंग क्लास. गिऱ्हाईक मोबाइलवर गाजलेलं गाणं लावतं आणि म्हणतं, ‘सेम असंच पायजे, पण हेच नको.’ या कामाचा करार मराठीत लिहायलोय. ‘साउंड-अलाइक’ला ‘नक्कल संगीत’ लिहिलं, तर आमचे कीबोर्डवाले दादा नाराज झाले. दुसरा शब्द सांगा.

उत्तर, अंबाजोगाईहून:
दादांचं बरोबर आहे. तहसीलातून आपण खासरा पाहणीची नक्कल काढतो, ती अक्षरन् अक्षर तीच असावी लागते, म्हणून तर तिच्यावर शिक्का बसतो. गिऱ्हाइकाला तसं नकोय. आठवण त्या गाण्याची यावी, पण बोट ठेवता येऊ नये, असं त्याला हवंय.

‘च्या चालीवर’ तर मुळीच लिहू नका. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. सप्ताहात भजनी मंडळ सिनेमातली चाल घेऊन अभंग म्हणतं, तेव्हा मांडवातल्या पोरालाही कळतं कुठून आणलीय. ‘चालीवर’ म्हटलं की उगम कबूल केला. करारात तो शब्द गेला की चाल घेतल्याचं तुम्हीच लिहून दिलं, मग चालीच्या मालकाची परवानगी आलीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चालीचा हक्क वेगळा आणि तिच्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ‘आम्ही नव्यानं वाजवून घेतलं, आता कसली परवानगी?’ असं पुष्कळ जण म्हणतात. नव्यानं वाजवलं की मूळ ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो, चालीचा राहतोच.

मी ‘बाज’ सुचवेन. लावणीच्या बाजाचं, कव्वालीच्या बाजाचं असं आपण रोज म्हणतो. बाज कुणा एकाच्या मालकीचा नसतो. वाद्यमेळ, लय, ढंग घ्या. चाल मात्र दादांना स्वतःची बांधू द्या.

उत्तर, उदगीरहून:
‘तोतया’ का नको? १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला आमच्या उदगिरात हरवलं. पुढं पानिपतानंतर त्यांच्याच नावाचा तोतया उभा राहिला. दिसायला तोच, असायला दुसरा. या गाण्यांचं तेच आहे की.

उत्तर, अंबाजोगाईहून:
शब्द झकास आहे, पण तोतया माणसाचा असतो. चालीला लावण्यापेक्षा तो गळ्याला लावा, तिथं अगदी चपखल बसतो. अमेरिकेत एका मोटारीच्या जाहिरातीसाठी गाण्याची परवानगी रीतसर घेतली होती. मूळ गाणं गाणाऱ्या गायिका बेट मिडलर यांनी काम नाकारलं, तेव्हा त्यांच्याच मागं पूर्वी कोरसला असलेल्या गायिकेकडून हुबेहूब त्यांच्यासारखं गाऊन घेतलं. मिडलर कोर्टात गेल्या आणि १९८८ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचं म्हणणं उचलून धरलं. चाल परवान्याची, गळा तोतया!

‘परवाना’ या शब्दावरही फार विसंबू नका. न्यूझीलंडमध्ये नॅशनल पार्टीनं २०१४ च्या निवडणुकीच्या जाहिरातीत तयार संगीताच्या लायब्ररीतला तुकडा पैसे भरून वापरला. त्या तुकड्याचं नावच ‘एमिनेम एस्क’, म्हणजे अमेरिकी रॅपर एमिनेमच्या ढंगाचं, असं होतं. २०१७ मध्ये कोर्टानं एमिनेमच्या गाण्याचा हक्कभंग ठरवून सहा लाख डॉलर भरपाई लावली, अपिलात ती सव्वादोन लाखांवर आली. कागद हातात होता, पण देणाऱ्याकडं ती चाल द्यायचा हक्कच नव्हता.

म्हणून करारात एकच शब्द कोंबण्यापेक्षा सरळ लिहा: ‘मूळ ध्वनिमुद्रण वापरलेले नाही. चाल नव्याने बांधलेली आहे. कोणत्याही गायकाच्या आवाजाची नक्कल केलेली नाही.’ इथं ‘नक्कल’ चालेल, कारण आवाजाची नक्कल करणे हा आपला जुनाच वापर आहे.

प्रश्नकर्ता, लातूरहून:
तिन्ही वाक्यं टाकली आणि सहीसाठी कागद दादांपुढं ठेवला. दुसऱ्या वाक्यावर ते थांबले. पेटी ओढून त्यांनी सराफाच्या जाहिरातीचा मुखडा वाजवला, मग मूळ गाण्याचा. पहिले सहा सूर तेच निघाले. ‘ह्याच्यावर सही नाही करत,’ म्हणाले. आज दुपारपासून नवा मुखडा बांधायलेत. ठेका तेवढा तोच ठेवलाय, आणि करारात ‘अमुक बाजाचे’ असं लिहिलंय.