मोत्यांचा हिशेब

सोरॉरिटी (अमेरिकी कॉलेजांतली मुलींची संघटना) म्हणजे श्रीमंत गोऱ्या पोरींचा पार्ट्यांचा अड्डा, असं म्हटलं जातं. तशाही असतात, नाही कोण म्हणतंय! पण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचं नाव तेव्हा कोणी काढत नाही. तिथे १९०८ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी 'अल्फा कप्पा अल्फा' सुरू केली. पुढे संस्थेची दिशा बदलावी की नाही यावरून वाजलं (आपल्याकडच्या मंडळांत वाजतं तसंच) आणि १३ जानेवारी १९१३ला २२ जणींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' नावाची वेगळी चूल मांडली. त्यांचं पहिलं जाहीर काम पार्टी नव्हे, ३ मार्चचा स्त्रीमताधिकाराचा मोर्चा. तोही काळ्या बायकांनी मागे चालावं असं सांगितलं जात असताना.

आणि कमला हॅरिस यांच्या गळ्यातले मोती आठवतात? त्या १९८६मध्ये हॉवर्डलाच 'अल्फा कप्पा अल्फा'त आल्या. या सोरॉरिटीत २० मोत्यांना मान आहे, कारण संस्थापक २० धरतात: पहिल्या नऊ, मागून घेतलेल्या, दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या सात आणि फुटीनंतर घाईने संस्थेची रीतसर नोंदणी करून जुनं नाव टिकवणाऱ्या चौघी. मला या चौघींचंच जास्त कौतुक वाटतं.