सीयूईटीचा स्कोअर की बारावीचे मार्क? दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशात नक्की काय मोजतात

नाशिककर_पालक
मुलगी बारावी कॉमर्सला आहे, महाराष्ट्र बोर्ड. विषय इंग्रजी, मराठी, बुक-कीपिंग, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), इकॉनॉमिक्स आणि एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस). दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स किंवा बी.कॉम. ऑनर्स करायचं म्हणते. बोर्डाच्या मार्कांना तिथे काही वजन आहे का, की सगळं सीयूईटीवरच (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा)? पेपर कोणते निवडायचे? ९८-९९ पर्सेंटाइल पुरेल का?

आकडेमोड
क्रमवारी पूर्णपणे सीयूईटीवर लागते. २०२१ पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर कट-ऑफ असायचा आणि त्या वर्षी काही कॉलेजांची पहिली यादी थेट १०० टक्क्यांवर लागली होती. २०२२ पासून ती पद्धत गेली. आता बारावी पास असणं ही अट. मार्क उपयोगी पडतात ते दोघांचा स्कोअर अगदी सारखा आला तर: आधी बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची टक्केवारी बघतात, मग चार, मग पाच.

पर्सेंटाइल डोक्यातून काढून टाका. ती एमएचटी-सीईटीची सवय आहे. इथे प्रत्येक विषयाचे नॉर्मलाइज्ड (वेगवेगळ्या पाळ्यांची काठिण्यपातळी जुळवून काढलेले) मार्क घेऊन त्यांची बेरीज करतात. २०२५ च्या पद्धतीत पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्न, सगळे सोडवायचे, बरोबरला ५ आणि चुकीला वजा १. म्हणजे पेपर २५० चा आणि चार पेपरांचे १०००. त्याआधीच्या वर्षांत पर्यायी प्रश्न होते आणि एकूण मार्क वेगळे होते, त्यामुळे जुन्या यादीतला आकडा १००० शी ताडून पाहू नका.

आता कठीण भाग. इकॉनॉमिक्स ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय लागतात. एनटीए (ही परीक्षा घेणारी संस्था) कुठलाही पेपर देऊ देते, पण बारावीला जो विषय घेतला त्याचाच पेपर दिल्ली विद्यापीठ धरतं. तिने गणिताऐवजी एसपी घेतलंय, म्हणजे सीयूईटीत गणित दिलं तरी ते मोजलं जाणार नाही. अकरावीत ‘एसपी की मॅथ्स’ ठरवताना हे मुलांना कुणीच सांगत नाही, याचं फार वाईट वाटतं. बी.कॉम. ऑनर्सला मात्र गणिताच्या जागी अकाउंटन्सीचा रस्ता आहे. एसपीचा सीयूईटीत पेपर नाही. म्हणून भाषा, अकाउंटन्सी (म्हणजे बुक-कीपिंग), बिझनेस स्टडीज (ओसीच्या जागी) आणि इकॉनॉमिक्स. जास्तीत जास्त पाच पेपर घेता येतात, पाचवा इतर विद्यापीठांसाठी जनरल टेस्टचा ठेवा.

तिसरा_बाक
वरच्या उत्तरात अभ्यासक्रमाची भर घालते, कारण आपल्या बोर्डाच्या मुलांचे मार्क तिथे जातात. पेपर एनसीईआरटीच्या पुस्तकांवर निघतो. बुक-कीपिंगमध्ये आपल्याकडे हुंड्या, म्हणजे बिल्स ऑफ एक्स्चेंज, घोटून घेतात आणि कंपनी खात्यांत शेअर्सवर थांबतात. सीयूईटीला डिबेंचर्स हवेत आणि हुंड्या येत नाहीत. इकॉनॉमिक्समध्ये १९५०-९० ची धोरणं, १९९१ च्या सुधारणा, भारताची चीन-पाकिस्तानशी तुलना हा सगळा भाग आपल्या बारावीच्या पुस्तकात नाही. तो एनसीईआरटीच्या भारतीय आर्थिक विकासाच्या पुस्तकातून वेगळा करावा लागेल. बोर्डाची परीक्षा संपल्यावर सुरुवात केली तर हे आटोपत नाही, दिवाळीच्या सुट्टीतच धरा.

भाषेचा पेपर दुय्यम समजू नका. बी.कॉम. ऑनर्समध्ये तोही पूर्ण २५० चा मोजतात. मराठी चालते. उतारे मराठीत जास्त वेगाने वाचून होत असतील तर मराठीच घ्यावी. विज्ञानवाल्यांचं वेगळं आहे: फिजिक्स ऑनर्सला भाषेत फक्त ३० टक्के हवेत, क्रमवारी पीसीएमवर.

नाशिककर_पालक
एसपीचं कळल्यावर हात-पाय गळाले, पण वेळेत कळलं. दोन शंका. उत्तर येत नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा का? आणि आमच्याकडे राज्याचा ओबीसी दाखला आहे, तो चालेल?

आकडेमोड
चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं तरी सरासरी अर्धा मार्क मिळतो (एकदा ५, तीनदा वजा १, भागिले ४). एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला तर सरासरी १, दोन खोडले तर २. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत रिकामं काही ठेवू नये. मात्र दोन पर्याय खोडण्यासाठी एका प्रश्नावर तीन मिनिटं घालवली तर तोटाच आहे, कारण प्रश्नामागे ७२ सेकंदच मिळतात.

दाखला_खिडकी
राज्याचा दाखला तसाच चालत नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा, मग केंद्र सरकारच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला काढा, चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे ३१ मार्चनंतरचा. एप्रिल-मेमध्ये सेतू केंद्रात गर्दी असते, १ एप्रिलनंतर लगेच अर्ज टाका. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, दिल्लीत लागू नाही. उत्पन्नाच्या निकषात बसत असाल तर केंद्राचा ईडब्ल्यूएस दाखला बघा.

आणखी एक. सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा भरला असं नाही. सीएसएएस या विद्यापीठाच्या प्रवेश पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, निकालानंतर कोर्स आणि कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची. पसंती सढळ हाताने भरा, ऐंशी-शंभर झाल्या तरी चालेल. सीट मिळाली की मुदतीत ‘ॲक्सेप्ट’ करून फी भरायची, आणि वरचं कॉलेज हवं असेल तर नंतर ‘अपग्रेड’. वरचं मिळेल म्हणून मिळालेली सीट ॲक्सेप्टच केली नाही, तर प्रवेशाच्या फेऱ्यांतून नाव बाहेर जातं.