मदत हवी आहे: ऑफिसमध्ये सलग काम कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

माझं काम हिशेब तपासायचं. बेरीज जुळवत अर्ध्यावर आलेले असते, तेवढ्यात चॅट वाजतं, नाहीतर कोणीतरी "एकच मिनिट हं" म्हणत शेजारी खुर्ची ओढतं. बोलून वळते तर कर्सर दुसऱ्याच ओळीवर, आणि कुठपर्यंत तपासलं होतं तेच आठवत नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून! दिवसभर जागचं हलायचं नाही, तरी संध्याकाळी महत्त्वाचं काम तसंच पडलेलं. याचा आता खरंच त्रास होतोय.

पोमोडोरो पद्धत करून पाहिली: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की जरा मोठी सुट्टी. मेल लिहायला छान जमते. पण ताळेबंदात डोकं लागायलाच मला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि नेमकी लय सापडली की गजर होतो. तुमच्यापैकी कोणी ५० मिनिटांची फेरी करतं का?

एका सवयीचा मात्र फायदा झाला. निघण्याआधी उद्याचं पहिलं काम चिठ्ठीवर लिहून कीबोर्डवर ठेवते, त्यामुळे सकाळ चाचपडण्यात जात नाही.

खरी अडचण माणसांची आहे. सहकारी चांगले आहेत, त्यांना दुखवायचं नाही. "अर्ध्या तासाने येते" हे तुम्ही नेमकं कोणत्या शब्दांत सांगता? आणि साहेबांचाच मेसेज असेल तर? तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चाललं ते सविस्तर लिहा, प्लीज.