जुन्या कॅम्परसाठी उंच, अरुंद टायर कोणते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी बोलेरो कॅम्पर (दोन रांगांची केबिन असलेली पिकअप) आहे. एरवी भांडुप ते भिवंडी माल ने-आण, पण पावसाळ्यात मुरबाडकडे शेतावर जावं लागतं. शेवटचा पट्टा नुसता चिखल. वर मऊ राड, खाली कडक मुरूम. रुंद टायर त्या राडीवर तरंगतो, अरुंद टायर ती कापून मुरमाला पकडतो. म्हणून रुंदी वाढवायची नाही, उंची हवी. (रुंद टायरचा रुबाब मुलाला हवाय, मला नको.)

सध्या २१५/७५ आर १५ आहेत (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंच), म्हणजे टायरची एकूण उंची साधारण ७०३ मिमी. २३५/७५ घेतले तर ७३३ मिमी होते; डिफरन्शियलखाली (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखाली) जेमतेम १५ मिमी जास्त मिळतात, आणि रुंदी वाढतेच. त्यापेक्षा मालवाहू पिकअपचे उंच पण अरुंद ७.०० आर १५ एलटी (एलटी म्हणजे लाइट ट्रक) बरे वाटतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानदार म्हणाला, "बिनधास्त टाका साहेब." पण त्याला विकायचेच आहेत.

कोणी वापरलेत का? मूळ रिमवर नीट बसतात का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासतात का? गाडी रिकामी असताना हवा किती ठेवता? आणि मुख्य म्हणजे, खोल नक्षीचे टायर हायवेच्या ओल्या काँक्रीटवर ब्रेकला कसे वागतात? आठवड्याचे सहा दिवस गाडी तिथेच असते. स्पीडोमीटर थोडा कमी दाखवेल, त्याचं चालवून घेईन.