एअर फोर्क फार दबतोय, हवा किती भरू?

प्रश्न: सायकलच्या पुढच्या चाकाला हवेवर चालणारा, 120 मिमी दबणारा फोर्क (सस्पेन्शन) आहे. दगडी उतारावर ब्रेक दाबला की सायकल पुढे बुडते. माझं वजन 74 किलो.

उत्तर: दादा, पीएसआय (हवेचा दाब) विचारू नका, सॅग मोजा, म्हणजे तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते. पाण्याची बॅग पाठीवर घेऊन पेडलवर उभे राहा, फोर्कच्या नळीवरची ओ-रिंग (रबरी कडी) सीलला, म्हणजे नळी आत जाते तिथल्या रबराला टेकवा, अलगद उतरा. सॅग 24 ते 30 मिमी यायला पाहिजे. हवा भरायला शॉक पंपच (सस्पेन्शनचा खास पंप) वापरा.

प्रश्नकर्ता: 28 आला! पण उडीनंतर अजून तळाला आदळतो.

उत्तर: मग हवा वाढवू नका, बारीक खडीवर हात भरून येतील. एक व्हॉल्यूम स्पेसर (फोर्कमधली हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाका. आधी सगळी हवा सोडा, मगच टॉप कॅप (फोर्कचं वरचं झाकण) खोला, हे अगदी कळकळीने सांगतोय.

दुसरं उत्तर: पावसाळ्यात चिखल सीलवर सुकू देऊ नका. प्रेशर वॉशर तर नकोच, ओलं फडकं पुरे.