मदत हवी आहे : रीपरच्या यादीत व्हीएसटी३ प्लगइन येत नाही

कोल्हापुरातील आमच्या घरगुती स्टुडिओत हलगी-घुमक्याचे ध्वनिमुद्रण चालू आहे. हलगीवरचा छडीचा पहिला ठोका घुमक्याच्या नादात दबून जातो. तो ठळक उठावा म्हणून ट्रान्झिअंट शेपर (ठोक्याचा सुरुवातीचा भाग कमी-जास्त ठळक करणारे) प्रकारचे एक मोफत व्हीएसटी३ प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, घेतले, पण ते रीपर या आमच्या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या यादीत येतच नाही.

विंडोज १०, रीपर आणि प्लगइन तिन्ही ६४ बिटचेच आहेत. फाइल सी ड्राइव्हवरील प्रोग्रॅम फाइल्समधल्या कॉमन फाइल्समध्ये, व्हीएसटी३ याच फोल्डरात आहे. रीपरच्या प्रेफरन्सेसमधून कॅशे (आधीच्या स्कॅनची साठवलेली नोंद) पुसून पुन्हा स्कॅनही केले. जुन्या व्हीएसटी२ प्रकारची, डीएलएल फाइलची प्लगइन्स व्यवस्थित चालतात. हेच प्लगइन माझ्या लॅपटॉपवर मात्र लगेच उघडते, त्यामुळे स्टुडिओतील संगणकावर व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइम फाइल्स (प्लगइन चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइल्स) नसाव्यात, अशी शंका येते. तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही आणि काम संपेपर्यंत जोडायचाही नाही. क्रॅक केलेले पर्याय कृपया सुचवू नयेत. ते मला वापरायचे नाहीत.

नेमकी कोणती फाइल कमी आहे हे तपासण्याची खात्रीची पद्धत कोणती, आणि रनटाइमचा संपूर्ण इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून आणून बसवल्यास चालू प्रोजेक्टमधील जुन्या प्लगइन्सना काही बाधा येईल का?