पोकर: फ्लॉपवर री-रेज केल्यानंतर समोरचा ऑल-इन गेला तर?

शांतडाव:
नमस्कार. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनोत १००/२०० ब्लाइंडच्या (पाने वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमांच्या) पोकर टेबलावर झालेला एक डाव मांडतो. आम्हा दोघांपुढे प्रत्येकी २०,००० होते. बदाम एक्का आणि बदाम पंजी हाती असल्याने मी ६०० चा रेज केला (रक्कम वाढवली), बटनवरच्या (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणाऱ्या जागेवरच्या) गृहस्थांनी कॉल केला (तेवढीच रक्कम लावली), बाकीच्यांनी पाने टाकली आणि पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १,५०० झाला. फ्लॉपवर (सर्वांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) बदाम राजा, बदाम नव्वी आणि किलवर चव्वी आली. मी १,००० लावले, त्यांनी ३,००० केले, मी ८,००० केले आणि ते क्षणभरही न थांबता ऑल-इन गेले (उरलेले सगळे लावले). फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) अजून लागलेला नव्हता, म्हणून मी पाने टाकली. माझा री-रेज (त्यांच्या रेजवर पुन्हा वाढवणे) चुकला की त्यानंतरचा फोल्ड (पाने टाकणे), हे मला समजून घ्यायचे आहे.

गणिती:
माझ्या मते फोल्ड चुकला. आधीचे १,५००, तुमचे ८,००० आणि त्यांचे १९,४०० मिळून पॉट २८,९०० झाला होता, आणि तुम्हाला आणखी ११,४०० भरायचे होते. म्हणजे साधारण २८ टक्के डाव जिंकलात तरी कॉल फुकट जात नाही. उरलेल्या नऊ बदामांपैकी एखादे पुढच्या दोन पानांत येण्याची शक्यता ३५ टक्के असते. त्यांच्याकडे राजा-राणी असती तर तीन एक्केही तुमच्या उपयोगी पडले असते आणि सामना जवळजवळ बरोबरीचा झाला असता. लहान बदामांचा ड्रॉ (अजून पुरा न झालेला फ्लश) असता तर तुम्ही त्या क्षणीच पुढे होतात. सेटसमोर (एकाच किमतीच्या तीन पानांसमोर) मात्र बोर्डवर (उघड्या पानांत) जोडी पडण्याचा धोका असल्याने तुमची शक्यता पावाच्या आसपास येते, त्यामुळे त्यांच्याकडे सेटच आहे अशी खात्री असेल तरच फोल्ड समर्थनीय ठरतो.

कोकणकडा:
गणित मान्य आहे, पण मला री-रेजच खटकतो. त्यांच्याकडे कोणती पाने असू शकतात ते मोजून पाहा: नव्व्यांचा सेट तीन प्रकारे, चव्व्यांचा तीन प्रकारे आणि एकाच रंगाचे राजा-नव्वी तीन प्रकारे. या नऊ जोड्या कधीच फोल्ड होणार नाहीत. ५,५०० च्या पॉटसाठी तुम्ही ७,००० घातलेत. ऑल-इन आल्यावर पाने टाकणारच असाल, तर समोरच्याने ५६ टक्के वेळा माघार घ्यायला हवी, म्हणजे तो सोडून देईल अशा निदान बारा जोड्या त्याच्याकडे असायला हव्यात. त्यात बदाम एक्का तुमच्याच हाती, त्यामुळे एक्क्याचा फ्लश ड्रॉ घेऊन अर्धा-ब्लफ करण्याची (अजून न लागलेल्या पानांवर दबाव टाकण्याची) त्याची सर्वांत स्वाभाविक पाने आपोआप वजा होतात. २,००० चा साधा कॉल मला जास्त पटतो. केवळ टर्नवर (चौथ्या उघड्या पानावर) बदाम येण्याची शक्यता १९ टक्केच आहे हे खरे, परंतु लागला तर तो सर्वांत मोठा फ्लश असतो आणि सेटवाला सहजासहजी पळत नाही.

सह्याद्री_७२:
मी आक्रमक खेळाच्या बाजूचा आहे, तरीही ही पाने त्या कामाची नव्हती. री-रेज करून ऑल-इनपुढे माघार घ्यायची असेल, तर जी टाकताना फारसे काही गमवावे लागत नाही अशीच पाने निवडावीत. उदाहरणार्थ, याच फ्लॉपवर बदाम एक्का आणि किलवर राणी. मोठ्या फ्लशचा ड्रॉ इतका मौल्यवान असतो की तो घेऊन री-रेज केल्यावर माघार घेणे म्हणजे स्वतःचा हिस्सा पॉटमध्ये सोडून उठणे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: प्रत्यक्ष टेबलावर फ्लॉपवरचा रेज बहुतेक खेळाडू खरोखर चांगल्या पानांवरच करतात, त्यामुळे त्यांना घाबरवून पाने टाकायला लावणे ऑनलाइनपेक्षा अवघड जाते. राजा-सत्ती-दुर्री अशा तीन वेगळ्या रंगांच्या फ्लॉपवर कोणी रेज केला, तर तिथे ड्रॉच नसल्याने मी अधिक मोकळेपणाने री-रेज करतो, पण तोही समोरचा पाने सोडू शकतो हे आधी पाहिलेले असेल तरच.

शांतडाव:
सर्वांचे मनापासून आभार. ८,००० म्हणताना त्यानंतरचे ११,४०० माझ्या डोक्यातच नव्हते, आणि चूक तिथेच झाली. त्या गृहस्थांनी पाने दाखवली नाहीत, पण त्यापूर्वीच्या दोन तासांत त्यांनी फ्लॉपवर एकदाही रेज केला नव्हता, त्यामुळे कोकणकडा यांनी सुचवलेला कॉल मला आता अधिक योग्य वाटतो.